चौदावा जिन्नस

देवासच्या तळलेल्या कोंबडीत चौदा जिन्नस पडत होते. त्यातले तेरा मी एका बैठकीत, खरकटा हात धुवायच्या आधी ओळखले. ही बढाई नव्हे. बढाई मारायची असती तर चौदावा कसा चुकला ते लिहायला बसलोच नसतो. पण लोक आजकाल त्या कोंबडीबद्दल वाटेल ते सांगतात. कोणी म्हणतं त्यात केशर होतं, कोणी म्हणतं अत्तर होतं, आणि मध्ये एका लग्नात एक जण म्हणाला की त्यात अफू घालत. मी त्याला तिथेच पंगतीत विचारलं, "तू खाल्ली होतीस?" तर म्हणे त्याच्या आजोबांनी खाल्ली होती. मग आजोबांना घेऊन ये म्हटलं, नाहीतर गप जेव. मी खाल्लीय, म्हणून मी सांगतो.

संस्थानं होती तेव्हा मी धारला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला होतो. आचारी नव्हतो, वाटणारा होतो. चौथीत शाळा सुटली. वडील त्याच मुदपाकखान्यात मटणाच्या चुलीवर होते, त्यांनी मला पाट्यापुढे बसवलं. तिथली एक रीत होती. मसाल्याची कृती एका माणसाच्या हाती पूर्ण द्यायची नाही. मुख्य आचारी निम्मा मसाला आपल्या घरी भाजून, जाडसर कुटून, फडक्यात बांधून आणायचा. उरलेला निम्मा आमच्यासमोर डब्यांतून काढून द्यायचा. दोन्ही एकत्र वाटायचे. वाटणाऱ्याला निम्मंच कळावं म्हणून ही तजवीज. वडिलांनीही मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "तुला हात दिलेत ना, नाक दिलंय ना, मग मला काय विचारतोस?"

तेव्हा मी पुरचुंडी ओळखायला शिकलो. धणे वरवंट्याखाली कुरकुरतात. खसखस सटकते. दगडफूल आवाजच करत नाही, नुसती बोटं काळी करतं. लवंग आधी डोळ्यांत जाते, मग नाकात. शहाजिरं आणि जिरं डोळे मिटूनही वेगळं सांगता येतं, मात्र त्याला दहा वर्षं पाट्यापुढे बसावं लागतं. मी बसलो. पुढेपुढे आचारी पुरचुंडी सोडायच्या आधीच मी आत काय आहे ते मनात म्हणून घ्यायचो, आणि चुकायचो नाही.

आमच्या मराठा मंडळींचं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकत्र जेवण असे. बोकडाचं मटण, मोठ्या हंड्यात, उघड्यावर. त्या हंड्यात मसाला टाकण्याचा मान आमच्या घरचा. आजोबांपासूनचा. सगळी मंडळी उभी राहायची, कांदा तांबूस झाला की आमच्या घरचा माणूस पुढे व्हायचा आणि मसाला सोडायचा. मग देवीचं नाव घेत सगळे हात जोडायचे. एवढंच. ज्याला हा मान नाही त्याला वाटेल यात काय एवढं. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. संस्थान विलीन झालं, मुदपाकखाना बंद झाला, मी लग्नाकार्यात रांधायला जाऊ लागलो, तरी दसऱ्याचा तो एक दिवस माझा होता. वर्षभर कोणी काही म्हटलं तरी त्या दिवशी मी पुढे उभा आणि बाकीचे मागे.

ते माझ्या चुलतभावाला खुपायचं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, नव्या सरकारच्या कचेरीत कारकून झालेला, हिंदीत अर्ज लिहायचा. बोलण्यात अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि लहानमोठ्या सगळ्यांना 'भिया'. त्यानेच देवासच्या कोंबडीची खबर आणली.

देवासला दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एका गावात दोन राजे, दोन राजवाडे, म्हणजे मुदपाकखानेही दोन. ते बंद झाल्यावर थोरल्या पातीकडचा एक म्हातारा आचारी मोटारस्टँडाजवळ चिंचेखाली कढई घेऊन बसू लागला. आठवड्यातून दोनच दिवस. एकच जिन्नस, तळलेली कोंबडी. दुपारी बसायचा आणि संपली की उठायचा. इंदूरहून लोक मोटारीने यायचे म्हणे. कोणी विचारलं की यात काय घालता, तर तो म्हणायचा, "चौदा जिन्नस आहेत. ओळखा."

"कोणाला जमलं नाही भिया," चुलतभाऊ म्हणाला. मंडळींच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. "बडे बडे खानसामे येऊन गेले."

"खानसामे चाखतात," मी म्हटलं. "वाटत नाहीत."

"म्हणजे तू ओळखशील?"

"एका बैठकीत."

"आणि नाही ओळखलं तर?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण त्याने पुढे म्हटलं, "असू दे भिया. वाटणारा तो वाटणारा. काकांची गोष्ट वेगळी होती." काका म्हणजे माझे वडील. ते माझ्या जिव्हारी लागलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चौदाचे चौदा सांगितले नाहीत तर यंदापासून दसऱ्याच्या हंड्याला हात लावणार नाही. ज्याला सांगता येतील त्याने मसाला टाकावा."

मंडळींत जे सगळ्यांत वडील होते, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, ते म्हणाले, "शब्द जपून टाक बाबा." मी म्हटलं, "टाकला."

श्रावण संपल्यावर आम्ही दोघं देवासला गेलो. म्हातारा बारीक, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला घट्ट मुंडासं. चुलतभावाने त्याला सगळी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या चुलीवर होतास?"

"चुलीवर नाही. पाट्यावर."

"मग बस," म्हणाला, आणि एक तंगडी आणि एक छातीचा तुकडा पानावर ठेवला.

आता ती कोंबडी कशी होती ते सांगतो. वरून गडद तांबडी, जवळजवळ काळपट, पण करपलेली नाही. पीठ नव्हतं, बेसन नव्हतं, मसाला मांसालाच धरून बसलेला. दात लावला की वरचं कुरकुरीत मोडे आणि आतलं असं सुटे की हाड हातात आणि मांस तोंडात. मी हळूहळू खाल्लं. मीठ, तिखट, आलं-लसूण म्हातारा चौदात धरत नव्हता. मी एकेक सांगत गेलो. धणे, जिरं, शहाजिरं. मिरी आणि लवंग तर आंधळ्यालाही कळली असती. मोठी वेलची. दालचिनी, पण थोडी. जायपत्री. इथे म्हाताऱ्याने भुवई उचलली. दगडफूल. खसखस भाजलेली. बडीशेप. सुंठ, जी ओल्या आल्याच्या मागे लपली होती. तमालपत्र.

"तेरा," म्हातारा म्हणाला. "शाबास."

चौदावा होता. जिभेच्या कडेला काहीतरी आंबटसर, दह्याचं नाही, लिंबाचं नाही, आमचूरही नाही. पकडायला गेलं की सटकत होतं. मी दुसरा तुकडा मागितला. तिसरा मागितला. चुलतभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत बसला होता.

म्हाताऱ्याला माझी दया आली की कौतुक वाटलं, कोण जाणे. म्हणाला, "घाई नाही. घटस्थापनेच्या आधी एकदा ये आणि सांग. तोवर तुझी पैज उघडी ठेवतो." मी दोन तुकडे बांधून घेतले आणि धारला आलो.

घरी आल्यावर ते तुकडे बायकोपुढे ठेवले. ती निमाडातली, मनावरकडची, तिचे वडील तिकडे शेती करायचे, लहानपण बांधावर गेलेलं. माहेरी मराठी घरात आणि माळवी-निमाडी बाहेर. आमच्यात आली तेव्हा माझी आई तिच्या बोलण्याला नावं ठेवायची. तिने एक घास खाल्ला आणि चावताचावता म्हणाली, "काचरी घातलीय."

"काय?"

"काचरी. वाळवून कुटलेली."

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. काचरी म्हणजे शेताच्या बांधावर आपोआप उगवणाऱ्या वेलीचं लहान फळ, लिंबाएवढं, वर पट्टे. दक्षिणेत, म्हणजे तुमच्या देशावर, त्याला शेंदाड म्हणतात असं ऐकलंय. कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही. गुरं राखणारी पोरं तोडून खातात. गरीबगुरीब फोडी करून वाळवतात, चटणीत घालतात. राजवाड्याच्या डब्यांत मी ती कधी पाहिली नव्हती.

मी हसलो. "अगं, ती थोरल्या पातीची कोंबडी आहे. तिथे साहेबलोक जेवायला यायचे. बांधावरचं रानफळ घालतील होय?"

"कोंबडी निबर असली की आमच्याकडे घालतात. मऊ पडते. त्यांची कोंबडी काय आकाशातून येते?"

"तुला नाही कळायचं."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेला तुकडाही खाऊन टाकला.

मी बाजारातून नागकेशर आणलं. मला वाटलं, जे इतकं सटकतंय ते भारीच काहीतरी असणार. आमच्या अंगणात तीन कोंबड्या होत्या. पहिली नागकेशर घालून तळली. कडक झाली. दुसरीत नागकेशर आणि दही. आंबट झाली, पण तो आंबटपणा तो नव्हता. बायको म्हणाली, "आता अंडी तुमचं नागकेशर देणार का?" तिसरी तिने मला हात लावू दिली नाही. स्वतः केली. माझेच तेरा जिन्नस घेतले आणि चौदावा आपल्या ट्रंकेतून काढला, माहेरून आणलेल्या गाठोड्यातला. मी जेवायला बसलो, पहिला घास घेतला, आणि मला कळलं.

ती समोर बसली होती. "काय?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण ती नाही."

हे मी खोटं बोललो. आयुष्यात बायकोशी मी जे थोडं खोटं बोललो त्यात हे सगळ्यांत वाईट. ती ताट उचलून घेऊन गेली.

भाद्रपद सरता सरता मी आणि चुलतभाऊ पुन्हा देवासला गेलो. वाटेत मोटारीत मी ठरवत होतो. काचरी म्हणायचं तर म्हणता येत होतं. मग चुलतभाऊ विचारणार, कसं कळलं. मी सांगणार, बायकोने सांगितलं. म्हणजे राजवाड्यात दहा वर्षं वाटणाऱ्याला जे कळलं नाही ते मनावरच्या बांधावर हिंडणाऱ्या बाईला एका घासात कळलं. शिवाय मनात एक कोपरा अजून म्हणत होता की राजाच्या ताटात काचरी असणारच नाही, तिची आपली योगायोगाने जमली. माणसाला जे मानायचं नसतं त्याला तो शंभर कारणं शोधतो. मी दोनच शोधली आणि तेवढी मला पुरली.

म्हाताऱ्याने विचारलं, "हां, बोल."

"नागकेशर," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने झारा कढईच्या काठावर ठेवला. "नाही."

चुलतभाऊ हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "चलो भिया, मोटार निघेल," आणि पान खायला स्टँडाकडे गेला. मी तिथेच बसून राहिलो. म्हातारा माझ्याकडे पाहत होता. मग माझ्या तोंडून निघालंच, हळू आवाजात. "काचरी."

म्हाताऱ्याने इकडे-तिकडे पाहिलं. "मघाशी का नाही बोललास?"

"मी नाही ओळखली. बायकोने ओळखली. पहिल्याच घासाला."

"कुठली ती?"

"मनावरकडची."

म्हाताऱ्याने झारा पुन्हा उचलला. "मग तिला सांग, चौदा पूर्ण झाले. आणि कोणाला नाव सांगू नको. माझं पोट आहे त्यावर."

मी शब्द दिला. म्हातारा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, त्याच्या मागे कोणी कढई लावली नाही, म्हणून आज लिहितोय. तो असता तर हे पान कोरं राहिलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. नागकेशराची गोष्ट धारभर झालीच होती. लाकडं पेटली, हंडा चढला, तेल तापलं, कांदा पडला. सगळे माझ्याकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होते. आबा म्हणाले, "झालं गेलं. वडिलोपार्जित मान आहे, पुढे हो बाबा." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. मी हो म्हटलं असतं तर चुलतभावाशिवाय कोणी तोंड उघडलं नसतं.

"शब्द टाकला होता," मी म्हटलं. "हंड्याला हात लावणार नाही."

"फिर ठीक आहे," चुलतभाऊ धोतर खोचत म्हणाला. "मग मी टाकतो."

"तूही नाही. मी काय म्हटलं होतं? ज्याला चौदा सांगता येतील त्याने टाकावा. तुला किती आले?"

"मग कोणाला आले?"

"माझ्या बायकोला. चौदावा तिने पहिल्या घासाला सांगितला. मी ऐकलं नाही. मला लाज वाटली म्हणून नागकेशर म्हणालो. देवासच्या म्हाताऱ्याने मान्य केलंय, जा, विचारून ये."

त्या चुलीपाशी बाया येत नसत. पलीकडे भिंतीच्या आडोशाला त्या भाकऱ्या थापत बसायच्या. मंडळींच्या माना तिकडे वळल्या. मग चुलतभाऊ म्हणाला, "आता हार झाली तर बाईच्या पदराआड लपतो."

"लपलो असतो तर नागकेशरावरच थांबलो असतो," मी म्हटलं. "तुमच्यासमोर उभं राहून हे सांगायला माझं काही अडलं नव्हतं."

"काय होता तो चौदावा?"

"ते सांगणार नाही. शब्द दिलाय."

"म्हणजे आम्ही असंच मानायचं?"

"मानू नका. पण माझ्या घरचा मसाला टाकायचा तर तिच्या हाताने. नाहीतर आज अळणी मटण खा. उद्याही खा."

आबा म्हणाले, "अरे, रीत आहे."

"रीत आमच्या घरची आहे. आणि तीही आमच्या घरची आहे."

दोघं-तिघं एकदम बोलू लागले. एक म्हणाला, मसाला तिने घरी वाटून द्यावा, टाकायला पुरुषाचा हात असावा. मी म्हटलं, कोणाचा, माझा तर बांधलाय. दुसरा म्हणाला, आबांनी टाकावा. आबा म्हणाले, मला यात ओढू नका. मी हाताची घडी घालून उभा होतो. खरं सांगतो, त्या वेळी मला हंड्याकडे पाहायचं भानच नव्हतं. मला फक्त हरायचं नव्हतं.

तेवढ्यात ती आली. हाताला पीठ, पदर खोचलेला, काखेत आमच्या घरची पुरचुंडी. आधी हंड्यात वाकून पाहिलं.

"कांदा करपायला लागलाय," ती म्हणाली. "बोलायचं ते नंतर बोला."

आणि पुरचुंडी सोडून मसाला टाकला. सगळा. मग कनवटीची एक लहान पुडी काढली, तीही मोकळी केली. मी सोडून कोणाला ती काय आहे ते कळलं नाही. बोकड निबर होता, हे तिने सकाळी कापताना पाहिलं होतं. झारा घेतला आणि ढवळू लागली. वाफ वर आली आणि तो वास सगळ्या अंगणात गेला. देवीचं नाव घ्यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. आबांनी एकट्याने हात जोडले.

चुलतभाऊ आणि त्याच्याबरोबर आणखी दोन घरं न जेवता गेली. जाऊ देत म्हटलं. चुलतभाऊ पुढे आठ वर्षं माझ्या दारात आला नाही आणि मीही त्याच्या गेलो नाही. बाकीचे पंगतीला बसले. मी पण बसलो, मधोमध, जिथे कधी बसलो नव्हतो, कारण त्या दिवशी मी नेहमी हंड्यापाशी असायचो. मटण हाडावरून सुटत होतं. कोणी चांगलं म्हटलं नाही, कोणी वाईट म्हटलं नाही. नुसता भाकऱ्या मोडल्याचा आवाज.

शेजारचा हळूच म्हणाला, "वहिनींनी त्या पुडीत काय टाकलं?"

"जेव," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी तिला बोलवायला कोणी आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. सकाळीच मसाला वाटला, पुरचुंडी बांधली, आणि भाकऱ्यांच्या बायांकडे न बसता सरळ हंड्यापाशी जाऊन उभी राहिली. कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तर मी होतोच जवळ, मधल्या पंगतीत जागा धरून. त्या वर्षी पहिली पंगत अर्धी झाली असताना आबा हातात पत्रावळ घेऊन स्वतः उठून चुलीपाशी गेले. वर्षभरात तिच्याशी ते एक शब्द बोलले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "रस्सा आहे का अजून?"

"आहे," ती म्हणाली. "पण आधी पंगत होऊ द्या. बसा."

आबा परत येऊन बसले.